मुरडशेंग

आईच्या पश्चात सांगलीच्या घरातून माझ्या वाट्याला जे आले, त्यात एक सहाण आहे आणि मांजरपाटाची एक पुरचुंडी. सहाण काळ्या दगडाची, मधोमध झिजून किंचित खोलगट झालेली. २००५ च्या महापुरात गावभागातले आमचे घर छातीभर पाण्यात होते. कपाटे फुगली, पुस्तके गेली, माझ्या एम.ए.च्या टिपणवह्यांचा लगदा झाला. सहाण मात्र गाळ धुतल्यावर होती तशी मिळाली. पुरचुंडीतला ऐवज अर्थातच पुरानंतरचा. वेखंड, हळकुंड, सुंठ, जायफळ, मायफळ, हिरडा, ज्येष्ठमध अशी आठ-दहा खोडे आणि एक मुरडशेंग. यांतले एकेक आईच्या दुधात उगाळायचे, कशाचे किती वेढे द्यायचे ते घरोघर ठरलेले, आणि ते चाटण तान्ह्या मुलाला चमच्याने पाजायचे, ही बाळघुटी. दूध पिऊन झाल्यावर पोट धरणाऱ्या मुलाला आमच्याकडे मुरडशेंगेचे वेढे जास्त.

मुरडशेंग ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगते. पाच बारीक शेंगा एकमेकींना दोरखंडासारखा पीळ घालून बसलेल्या, बोटभर लांबीच्या. संस्कृतात तिला आवर्तनी असे एक नाव आहे. पोटात पीळ पडतो, मुरडा येतो. म्हणून पीळ पडलेली शेंग औषध. ही वैद्यकी उपमेवर उभी आहे. दोन वस्तूंत साधर्म्य दिसले की एकीने दुसरीवर उपाय करायचा. युरोपातही सोळाव्या-सतराव्या शतकांत वनस्पतीच्या आकारावरून तिचा गुण ओळखणारी अशी विचारपद्धती प्रतिष्ठित होती. अलंकार शिकवून पोट भरणाऱ्या माझ्यासारखीला हे गमतीचे वाटायला हवे होते. पण ज्या दिवसांत या शेंगेशी माझा संबंध आला, त्या दिवसांत गंमत फारशी उरलेली नव्हती.

माझी मुलगी २००८ च्या जूनमध्ये सांगलीत जन्मली. मी साताऱ्यात एका महाविद्यालयात मराठी शिकवीत होते, सासर साताऱ्याचे, आणि रीतीप्रमाणे पहिले बाळंतपण माहेरी. (सातारा आणि सांगली ही दोन टोके आहेत असे मला त्या वर्षी वाटत होते खरे, पण आईच्या जन्मदाखल्यावर जिल्हा 'दक्षिण सातारा' असाच आहे. १९४९ ते १९६० सांगली जिल्ह्याचे तेच नाव होते.) पहिले दोन आठवडे मुलगी शहाण्यासारखी वागली. तिसऱ्या आठवड्यात एके संध्याकाळी, दूध पिऊन झाल्यावर दहा-पंधरा मिनिटांनी, तिने पाय पोटाशी घेतले, मुठी आवळल्या, चेहरा बिटासारखा लाल केला आणि ती जी रडू लागली ती साडेनऊपर्यंत. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. पोट हाताला टम्म लागायचे. अंगावर घ्यावे तर दोन घोट घ्यायची, सोडायची, पुन्हा किंचाळायची.

रडण्याची वेळ ठरलेली होती, दिवेलागणीची. गल्लीतल्या बायकांनी तिचा अर्थ तत्काळ लावला. तिन्हीसांजेला रडते, म्हणजे दृष्ट. मीठमोहऱ्या ओवाळून टाकल्या गेल्या. दुसरा अर्थ माझ्या ताटाकडे बोट दाखवणारा होता. काल वाटाणा खाल्लास का? हरभऱ्याची डाळ? बटाटा? वातूळ खाल्ले की ते दुधात उतरते. एक-एक पदार्थ ताटातून गेला. शेवटी भाकरी, मुगाचे वरण आणि दुधीची भाजी एवढ्यावर मी आले, आणि मुलगी होती तितकीच रडत राहिली. तिचे पोट दुखते याला मी जबाबदार आहे, ही गोष्ट मात्र माझ्या मनात ताटातल्या पदार्थांसारखी सहज निघून गेली नाही. पुढे कधीतरी वाचताना लक्षात आले की हा आरोप फार जुना आहे. आयुर्वेदात स्तन्यदोष म्हणून त्याचे रीतसर प्रकरण आहे.

त्याच वाचनात काश्यपसंहितेची गाठ पडली. कौमारभृत्याचा, म्हणजे बालरोगांचा, हा ग्रंथ नेपाळात मिळालेल्या ताडपत्रांवरून गेल्या शतकात छापला गेला, तोही खंडित. त्यात वेदनाध्याय नावाचा एक अध्याय आहे. वृद्धजीवक कश्यपांना विचारतो की ज्यांना वाणी नाही अशा बालकांच्या शरीरातल्या नाना वेदना वैद्याने लक्षणांवरून ओळखायच्या कशा. मग कश्यप एकेका दुखण्याची खूण सांगत जातात. पोटशूळ असलेले मूल स्तन सोडते, रडते, उताणे पडून अंग टाकते. त्याचे पोट ताठरते, अंग गार पडते, तोंडावर घाम येतो. वाचताना मला सांगलीचे माजघर दिसले. पण मला खिळवून ठेवले ते उत्तराने नव्हे, प्रश्नाने. शब्दशक्ती शिकवताना आपण अभिधेपासून सुरुवात करतो, मग लक्षणा, मग व्यंजना. आधी वाच्यार्थ, त्याला बाध आला तर पुढचे. इथे वाच्यार्थच नाही. नुसता ध्वनी, आणि तोही आनंदवर्धनांना अभिप्रेत नसलेला. तरीही त्या माजघरातला प्रत्येकजण आपापल्या परीने अर्थ लावत होता, आणि सर्वांत हिरीरीने मी. भूक, वारा, झोप, ऊब असे रकाने पाडून मी एक वही केली होती. किती वाजता पाजले, किती वेळ रडली, शी कोणत्या रंगाची झाली. माझी समजूत अशी की नोंदी पुरेशा झाल्या की संहिता उलगडेल.

सांगलीतल्या डॉक्टरांनी मुलीला नीट तपासले. वजन वाढते आहे, ताप नाही, हिरवी उलटी नाही, शीमध्ये रक्त नाही, पोट एरवी मऊ आहे. यांतले काही असते तर रात्री-अपरात्री उठून या, असे त्यांनी बजावले. नसेल तर हे कॉलिक आहे, तीन महिन्यांनी थांबेल. "तोवर काय करू?" मी विचारले. ते म्हणाले, "सांभाळा." मला तेव्हा हे उत्तर टाळाटाळीचे वाटले.

प्रत्यक्षात वैद्यकाजवळ याहून फार काही नाही. दिवसाला तीन तासांहून जास्त, आठवड्यात तीन दिवसांहून जास्त, तीन आठवड्यांहून जास्त रडणारे पण एरवी धट्टेकट्टे मूल, अशी याची व्याख्या मॉरिस वेसेल या अमेरिकन बालरोगतज्ज्ञाने १९५४ साली केली, ती थोड्याफार फरकाने अजून चालते. ब्रेझल्टन यांनी १९६२ साली आयांच्या नोंदवह्यांवरून दाखवले की निरोगी मुलांचेही रडणे दुसऱ्या आठवड्यापासून वाढत जाते, सहाव्या आठवड्याच्या आसपास कळस गाठते, मग ओसरते. आणि त्याचा भर संध्याकाळी असतो. म्हणजे तिन्हीसांजेचे निरीक्षण आमच्या गल्लीचे चुकलेले नव्हते, कारणमीमांसा तेवढी वेगळी. पोटातला वारा हेच कारण, याला मात्र भक्कम पुरावा नाही. मूल रडताना हवा गिळते, पोटाचे स्नायू आवळते; तेव्हा पोट फुगले म्हणून ते रडते की रडते म्हणून पोट फुगते, हे टम्म पोटावर हात ठेवून सांगता येत नाही. ढेकर काढण्याचीही तीच कथा. चंदीगडच्या संशोधकांनी ७१ माय-लेकरांच्या जोड्या घेऊन केलेली एक चाचणी २०१५ मध्ये प्रसिद्ध झाली. दूध पाजल्यावर ढेकर काढल्याने कॉलिक कमी झाले नाही, उलट दूध वर येण्याचे प्रमाण वाढले. मी त्या पावसाळ्यात काढलेल्या शेकडो ढेकरांचा हिशेब तेव्हा मनात करून पाहिला.

आता घुटीचे. मुलगी महिन्याची झाली त्या दिवशी आईने सहाण काढली. मी बाजेवर होते. उगाळण्याचा तो घर्र घर्र आवाज ऐकू आला, तसा वेखंडाचा उग्र वासही. वाटी घेऊन आई आली तेव्हा मी सांगितले की सहा महिने अंगावरच्या दुधाशिवाय काही द्यायचे नाही, पाणीसुद्धा नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २००१ पासून असेच सांगितले आहे. आई म्हणाली, "तुम्ही दोघंबी घुटीवरच वाढलाय." मी म्हणाले की जी मुले वाढली नाहीत ती हे सांगायला येत नाहीत. हे वाक्य मला त्या वेळी फार बिनतोड वाटले. मग मी तिच्या हातातली वाटी घेतली आणि मोरीत ओतली. आई काही बोलली नाही. तिने सहाण धुतली, पुसली, देव्हाऱ्याखालच्या फडताळात ठेवली आणि लंगोट शेगडीवर वाळत घालायला गेली. जुलै होता, ऊन आठ दिवस दिसले नव्हते.

घुटी न देण्याचा निर्णय बरोबर होता, असे मी आजही म्हणेन. घुटीत मध घालणारी घरे असतात आणि वर्षाच्या आतल्या मुलाला मधातून जीवघेणी विषबाधा होऊ शकते. वेखंडातल्या काही द्रव्यांबद्दलच्या शंका साधार आहेत. जायफळाने मूल झोपते ते गुंगी आल्याने. शिवाय सहाण, वाटी, बोट, यांतले काय कितपत स्वच्छ ते पावसाळ्यात कुणी सांगावे. सांगलीकराला हळद वाईट म्हणणे जड जाते. हरिपूरच्या जमिनीखालच्या पेवांतून जिथे वर्षानुवर्षे हळद साठवली गेली, त्या गावाशेजारची मी. तरीही तान्ह्याच्या पोटात हळकुंडाचा वेढा जाऊ नये, असेच माझे मत आहे. वाटी मोरीत ओतण्याची मात्र गरज नव्हती.

त्यानंतर आमच्यात न बोलता एक तह झाला. बाहेरून आईने काय करायचे ते करावे, आतून काही नाही. मग बेंबीभोवती हिंगाचा कोमट लेप आला. तव्यावर गरम केलेल्या ओव्याच्या पुरचुंडीने शेक आला; आधी ती पुरचुंडी आई स्वतःच्या गालाला लावून बघायची, मग मनगटाला, आणि तिसऱ्या खेपेस मुलीच्या पोटाजवळ न्यायची. विड्याचे पान आले. पायांवर घेऊन, उजवीकडून डावीकडे बेंबीभोवती तेलाचा हात फिरवणे आले, गुडघे दुमडून पोटाशी नेणे आणि सोडणे आले. शेजारच्या मावशींनी ग्राइप वॉटरची बाटली आणली, ती मी परत पाठवली. (नॉटिंगहॅमच्या विल्यम वुडवर्ड नावाच्या औषधविक्याने १८५१ मध्ये हे रसायन काढले, मूळ पाठात मद्यार्कही होता. त्यातला मुख्य वनस्पतिज घटक शेपूच्या बियांचा अर्क. म्हणजे मला रोज जेवणानंतर चघळायला मिळत होत्या त्या बाळंतशेपाच विलायतेला जाऊन लेबल लावून आल्या. दूरदर्शनवरची त्याची जाहिरात माझ्या पिढीला आठवत असेल. आई, तिची आई, तिची आई, प्रत्येक जण धाकटीला सांगते आहे की तू लहान असताना मीही हेच दिले होते. परंपरा हे प्रमाण मानण्याचे इतके नेटके उदाहरण वर्गात सांगायला मला दुसरे मिळालेले नाही.)

या सगळ्यात जे खरोखर चालले ते एकच, आणि त्याला नाव नव्हते. आई मुलीला डाव्या हातावर पालथी घ्यायची. डोके कोपराच्या खळगीत, दोन्ही बाजूंना लोंबणारे हातपाय, पोटाखाली आईचा पुढचा हात, तळवा मांड्यांमध्ये. झाडाच्या फांदीवर सरडा पडून असतो तशी. मग माजघरातून परसदारापर्यंत फेऱ्या. उजवा हात पाठीवर, न थोपटता नुसता ठेवलेला. तोंडाने एक हुंकार, "हं-हं-हं", पावलांच्या लयीत. मुलगी गप्प व्हायचीच असे नाही. बरेचदा रडतच राहायची. पण किंकाळीतला तो कापणारा सूर जायचा, रडणे बोलण्यासारखे व्हायचे.

अंगाईगीतांवर मी एके काळी निबंध वाचला आहे, म्हणून इथे थोडे विषयांतर करते. सांगली जिल्हा या बाबतीत भाग्यवान. पी. सावळाराम येडेनिपाणीचे, १९५१ च्या 'बाळा जो जो रे' या चित्रपटातले त्यांचे त्याच नावाचे गाणे लताबाईंनी गायिले, ज्यांचे बालपण काही वर्षे सांगलीत गेले. लोकसाहित्य समितीच्या माध्यमातून बायकांची गाणी खंडांमागून खंड छापून काढणाऱ्या सरोजिनी बाबर बागणीच्या. साने गुरुजींनी १९४० मध्ये 'स्त्रीजीवन'मध्ये ज्या ओव्या गोळा केल्या त्यांत तान्ह्या बाळाचे मोठे दालन आहे. हे सारे मी शिकवले आहे. पण त्या जुलैमध्ये मला जाणवले की आपली अंगाई ही झोपायला जवळजवळ तयार असलेल्या बाळासाठी आहे. तिच्यात पाळणा आहे, दोरी आहे, टाळ्यावरचे तेल आहे, दृष्ट काढणे आहे. तीन तास अखंड किंचाळणारे मूल हातात असलेल्या बाईला म्हणता येईल असे तिच्यात फार थोडे आहे. ओवीला श्वास लागतो, आणि तो त्या वेळी नसतो. आईला शंभरेक ओव्या पाठ होत्या. तिने त्यांतली एकही म्हटली नाही. छापील संग्रहांत त्या "हं-हं-हं"ला जागा मिळणे शक्यच नव्हते, पण बायकांनी तान्ह्या मुलांसाठी आजवर जो काही आवाज केला असेल त्यातला बहुतांश हाच असावा, असा माझा तर्क आहे.

सहावा आठवडा. कळसाचा आठवडा, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. त्या दिवशी संध्याकाळचे रडणे रात्रीत शिरले. एक वाजता आईला मीच बळेबळे झोपायला पाठवले. दोनच्या सुमारास मी मुलीला दोन्ही काखांत धरून तोंडासमोर उचलले आणि ओरडले, "काय हवंय तुला? सांग ना!" ती सहा आठवड्यांची होती. माझी बोटे तिच्या बरगड्यांवर आवळली गेल्याचे मला कळत होते आणि सैल करता येत नव्हते. मान लटकली. पुढचा क्षण मला अजून नीट लिहिता येत नाही; हलवण्याच्या अगदी अलीकडे मी थांबले एवढेच खरे. मी तिला बाजेवर ठेवली, ठेवली म्हणजे टाकली, आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिले. तान्ह्या मुलाला असे गदगदा हलवले की मेंदूत रक्तस्राव होतो, मूल आंधळे होऊ शकते, मरू शकते. आणि तसे हात उठण्याचे सर्वांत सामान्य निमित्त म्हणजे न थांबणारे रडणे, हे मी नंतर वाचले. त्या क्षणी मूल सुरक्षित जागी उताणे ठेवून खोलीबाहेर जाणे हाच योग्य उपाय, हेही नंतरच. मला ते योग्य म्हणून सुचले नव्हते. मला पळायचे होते.

आई दारात उभी होती. किती वेळ, कोण जाणे. तिने मुलीला उचलले, डाव्या हातावर पालथे टाकले आणि म्हणाली, "जा, परसात जाऊन बस. पाऊस थांबलाय." मी पाण्याच्या टाकीजवळच्या दगडावर बसून राहिले. आतून फेऱ्यांचा आणि हुंकाराचा आवाज येत होता. पहाटे चहा घेताना तिने मला जे सांगितले ते तोवर कधी सांगितले नव्हते.

मी दीड महिन्याची असताना बाबा नोकरीच्या गावी होते आणि आई या घरात एकटी होती. मी अशीच रडत असे. एका दुपारी तिने मला झोळीत टाकले, बाहेर आली आणि दाराला कडी घातली. "किती वेळ ते काय आठवत नाही. उंबऱ्यावर कान झाकून बसले होते. शेजारच्या काकूंनी येऊन कडी काढली. मला काहीसुद्धा बोलल्या नाहीत." मग त्या काकूंनी स्वतःच्या घरातली सहाण आणून आईपुढे ठेवली, समोर बसून कशाचे किती वेढे ते शिकवले. ती हीच सहाण. "तुझ्या बाबांना हे ठाऊक नाही," आई म्हणाली. थोड्या वेळाने म्हणाली, "उगाळायला बसलं की अर्धा तास जातो. हाताला काम लागतं."

मी ओतून दिलेल्या वाटीचा विषय तिने काढला नाही. मीही नाही.

त्या दिवसापासून मी वही बंद केली. हे मी मोठा साक्षात्कार म्हणून सांगत नाही. लिहायला हात रिकामे नव्हते, कारण आईने मला तो पालथा धरण्याचा हात शिकवायला घेतले. माझा डावा हात आधी कोपरात दुखायचा. डोके जास्त खाली गेले की मुलगी दूध काढायची. "वर घे. अजून वर. तुझ्या पोटाला तिची कूस लागू दे." रात्री दोन-दोन तासांच्या पाळ्या लावल्या. रडणे कमी झाले नाही. पण आता ती रडत असताना मी ते रडणे उलगडायच्या मागे नव्हते, फेऱ्या मारत होते. कालाहारी वाळवंटातल्या कुंग सान लोकांच्या मुलांवर रोनाल्ड बार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये प्रसिद्ध केलेला एक अभ्यास आहे. ही मुले दिवसभर आईच्या अंगावर असतात, तासात कित्येकदा पितात. रडण्याची सुरुवात त्यांच्याही बाबतीत तितक्याच वेळा होते, कळसाचा आठवडाही चुकत नाही. फक्त प्रत्येक वेळचे रडणे लवकर आटपते. रडणे टळत नाही, ते कुणाच्या तरी अंगावर होते. (त्यावरून पाश्चात्त्य देशांत मुले उचलून घेण्याचे प्रयोग झाले, त्यांचे निष्कर्ष एकसारखे नाहीत. कॉलिकच्या मुलांना जास्त उचलल्याने फरक पडला नाही असेही आढळले. आईच्या हाताचा मी गौरव करते तो गुण आला म्हणून नव्हे.)

गणपती झाल्यावर आम्ही साताऱ्याला आलो. मुलगी सव्वातीन महिन्यांची. रडणे आठवडाभर आधीपासूनच विरळ होत चालले होते, पण ते तेव्हा कुणाच्या नजरेत भरले नाही. साताऱ्यात तिसऱ्या दिवशी सासूबाईंनी तिला संगम माहुलीला नेऊन आणले, कृष्णा-वेण्णेच्या पाण्याचे बोट तिच्या कपाळाला लावले. त्या संध्याकाळी ती रडली नाही. दुसऱ्या संध्याकाळीही नाही. त्यानंतर ते रडणे परत आलेच नाही.

साताऱ्यात याचे श्रेय अनेकांनी घेतले. माहुलीने घेतले, कोरड्या हवेने घेतले. सासऱ्यांच्या मते कासच्या तलावाच्या पाण्याचा गुण. आणि सांगलीचे पाणी जड, हे तर सर्वमान्य. जिच्या तोंडात पाण्याचा थेंब गेला नव्हता तिला पाणी कसे मानवले, हे विचारावेसे मला वाटले, पण सासरच्या दिवाणखान्यात काही प्रश्न विचारायचे नसतात. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एक गाठ. संस्कृत तर्कशास्त्राने याला काकतालीय न्याय असे नाव देऊन ठेवले आहे. जे दुखणे आपोआप संपणार असते त्याचे औषध नेहमी शेवटचे असते. माहुलीऐवजी त्या दिवशी मुरडशेंग उगाळली असती तर मुरडशेंगेला ते मिळाले असते. ज्या आठवड्यांत काहीच उपयोगी पडत नव्हते, त्या आठवड्यांत जी फेऱ्या मारत होती, तिला श्रेय मिळायची सोय या न्यायात नाही.

सहाणेसोबत पुरचुंडी आली तेव्हा मी मुरडशेंग बाहेर काढून पाहिली. ती एका बाजूने झिजलेली आहे. पुरानंतर आमच्या घरात तान्हे मूल एकच आले, माझे. गल्लीतल्या कुणाकुणाकडे आईची सहाण-पुरचुंडी जात असे, हेही खरे. वाटी ओतून दिल्यानंतरच्या दिवसांत मी दुपारी मेल्यासारखी झोपत असे. त्या झोपेत घर्र घर्र आवाज आला का, हे आठवण्याचा मी प्रयत्न केला. तहाचा भंग झाला होता की नव्हता, हे विचारायला आता कुणी नाही, आणि असताना मी विचारले नव्हते.

माहुलीनंतर आठवडाभराने मी सांगलीला फोन लावला होता. मुलगी रडायची थांबली, असे सांगितले. पलीकडे आई क्षणभर गप्प राहिली. मग म्हणाली, "बरं झालं बाई. साताऱ्याचं पाणी मानवलं." मी काही म्हणायच्या आत तिने विचारले, "डाव्या हातावरच घेतीस ना अजून?"